अंगठ्यातली सुई

अंबुबाईंना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं, तेव्हा वेंकटरावांची कंबर दुखायला लागली.

आधी नुसती सकाळी उठताना आखडायची. मग दुकानात मशीनवर बसलं की डाव्या कुल्ल्यातून कळ निघायची आणि मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरायची. पायडल मारताना पाय आपला नाहीच असं वाटायचं. वेंकटरावांनी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांना भीती वाटली नव्हती. उलट, कळ पहिल्यांदा पोटरीत उतरली तेव्हा हातातली टीप अर्धी सोडून ते स्वस्थ बसून राहिले आणि मनात म्हणाले, आलं का. चला.

कारण अंबूचंही असंच सुरू झालं होतं. हीच जागा, हाच पाय.

मैसूरच्या जुन्या भागात, मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. वेंकटराव पँट-शर्ट शिवायचे, शेजारच्या मशीनवर त्यांची बायको अंबुबाई ब्लाउज. घराणं मराठी शिंप्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या कात्रीवर जगलेलं, आणि ह्या लोकांत कंबरदुखी हे दुखणं म्हणून कुणी धरतच नाही. शिंप्याची कंबर दुखणारच. लोहाराचा हात भाजतो तसं ते. म्हणून अंबुबाई पहिल्यांदा म्हणाल्या की बसवत नाही, तेव्हा वेंकटरावांनी बाकावर त्यांच्या बाजूला आणखी एक उशी बांधली. विठ्ठलाच्या देवळात भजनाला येणाऱ्या बायकांनी बाम सुचवला, कुणी निर्गुडीचं तेल आणून दिलं. अंबुबाई स्वतःही हसून म्हणायच्या, "आमच्या सासूबाईंची कंबर मला मिळाली, दागिने मात्र नणंदेला." पुढे बसची पायरी चढवेना तेव्हा मुलाने उचलून स्कॅनला नेलं. मणके पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले निघाले. मूळ छातीत होतं, ते पाठीत उतरलं होतं. तो पावसाळा होता. संक्रांतीला घरोघर तिळगुळासारखं एळ्ळु-बेल्ल वाटायला अंबुबाई नव्हत्या.

आणि आता वेंकटरावांची कंबर.

त्यांनी दिवाळीची कामं घेणं बंद केलं. आधी घेतलेली कापडं एका पिशवीत घालून ते शेजारच्या खंडोजीरावांच्या दुकानात गेले. दोघे लहानपणापासूनचे. एकाच वर्षी शाळा सोडून मशीनवर बसलेले.

"हे घे. मापं चिठ्ठीवर लिहून कापडांना टाचलीत."

"का रे? श्रीमंत झालास?"

"कंबर."

"मग? माझी काय बंगल्यात ठेवलीये? मी बसलो की उठवायला दोन माणसं लागतात आणि उठलो की बसवायला तीन." खंडोजीरावांनी तोंडातलं पान गालाच्या दुसऱ्या बाजूला घेतलं. "बस. कॉफी सांगतो."

"माझं ते आपल्यातलं नाही, खंड्या. अंबूचं आहे."

खंडोजीराव चावायचे थांबले. वेंकटरावांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना तिथे जे दिसायला नको होतं ते दिसलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला.

"अरे मुट्ठाळा. नवरा-बायकोला मिळून एक रेशनकार्ड मिळतं, एक रोग नाही मिळत."

"दोघं एकाच बाकावर बसलो. एकाच डब्यातलं खाल्लं."

"म्हणून काय झालं? आणि तू हे असं सांगतोयस, जसं कुणी लग्नाचं आमंत्रण देतं."

वेंकटराव वळले. पिशवी ठेवून परत आले. खंडोजीरावांचं खोटं नव्हतं. अंबू गेल्यापासून सकाळी डोळा उघडला की पहिला विचार यायचा तो दिवसाचा, आणि दिवस केवढा तरी मोठा दिसायचा. कंबर दुखायला लागल्यापासून तसं होत नव्हतं. आता त्याला शेवट दिसत होता. फक्त एकदा नक्की कळायला हवं होतं.

मुलाला, शशांकला, कळलं ते न्हाणीघराच्या दारात. वेंकटराव चौकट धरून उभे होते आणि पाय उचलत नव्हता. शशांक हेब्बाळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. विजयनगरातलं घर त्यानेच घेतलेलं. तो बूट घालता घालता थांबला.

"अप्पा, कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"आईच्या वेळी पण हेच. थोडे दिवस, थोडे दिवस." तो वळून बायकोला म्हणाला, "भाग्या, मी आज लेट जातो." मग बराच वेळ त्याने बुटाची नाडी बांधलीच नाही.

डॉक्टर श्रीविद्या अंबुबाईंच्या वेळच्याच. त्यांनी वेंकटरावांना झोपवून एक एक पाय सरळ वर उचलून पाहिला, तळव्याला टाचणी लावून पाहिली, टाचांवर चालायला लावलं. कन्नडात म्हणाल्या, हे बहुतेक चकतीचं दिसतंय, दोन मणक्यांमधली गादी असते ना, ती. लगेच स्कॅन करायची गरज नसते. सहा आठवडे व्यायाम, गोळ्या. बहुतेकांना त्यानेच उतार पडतो.

"स्कॅन करून टाका," वेंकटराव म्हणाले.

"घाई कशाला? ताप येतो का? लघवीला काही त्रास? वजन कमी झालंय?"

"वजन केलं नाही. पण पँट दोनदा आत घेतली. कमरेला अडीच इंच."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. शशांकनेही बापाच्या कमरेकडे पाहिलं. शिंप्याच्या अंगावरचे कपडे कधी ढगळ दिसत नाहीत, म्हणून घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग करून घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात घाई होती, आणि ती ऐकून वेंकटरावांना समाधान वाटलं.

सेंटरही तेच होतं. तोच लांब व्हरांडा, तीच निळी बाकडी. मागच्या खेपेला अंबूला आत घेतलं तेव्हा तिचे दागिने रुमालात बांधून वेंकटराव इथे बसले होते. जोडवी निघत नव्हती, साबण लावून काढली होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली होती, "अहो, आत कोण तरी मशीन चालवतंय. जल्मात तेल घातलं नाही मेल्याने."

आत स्कॅन करणाऱ्या मुलाचं नाव श्रीहरी. तिशीचा, शांत. तो कागद घेऊन एक एक विचारत गेला. छातीत पेसमेकर? नाही. डोक्यात क्लिप, पायात रॉड? नाही. वेल्डिंगचं काम केलंय कधी, डोळ्यात लोखंडाचा कण? नाही.

"अंगात कुठेही धातूचा तुकडा?"

वेंकटरावांनी उजवा अंगठा मुठीत घेतला. "नाही," ते म्हणाले.

अंगठ्यात तुकडा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. अंबू मशीन शिकत होती. तिचे पाय पायडलवर, आणि वेंकटराव मागे उभे राहून तिच्या खांद्यावरून हात घालून कापड सरकवत होते. ते काहीतरी बोलले, ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा पाय जोरात पडला. सुई नखातून आरपार गेली आणि मोडली. वरचा भाग मशीनला राहिला, टोक आत. त्या वेळी डॉक्टर म्हणाला, फार खोल नाही, काढूया. वेंकटराव म्हणाले, राहू दे. दुखायचं थांबलं, नखावर एक उभी रेघ तेवढी राहिली.

दसऱ्यात आयुधपूजेला मशीन पुसून, कात्री आणि टेप मांडून अंबुबाई सगळ्यांना हळद-कुंकू लावायच्या, शेवंतीची फुलं वाहायच्या. ते झालं की नवऱ्यापुढे हात करायच्या. "आणा तो अंगठा. एक हत्यार आत राहिलंय." आणि अंगठ्याच्या नखाला कुंकू लावायच्या. सून आली तेव्हा पहिल्या दसऱ्याला ती हे बघून लाजून हसली होती. पुढे घरात कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं.

पण हे आता सांगितलं तर परत पाठवतील. मागच्या वेळी एका म्हाताऱ्याला पेसमेकर म्हणून दारातून परत पाठवलेलं वेंकटरावांनी पाहिलं होतं. त्यांना आजच कळायला हवं होतं.

गाऊन घालण्यासाठी त्यांनी शर्ट काढला, तर श्रीहरीने तो उचलून कॉलर चाचपली आणि कॉलरच्या आतून दोरा ओवलेली सुई बाहेर काढली.

"यजमानरे, हे काय?"

"सवय. हात रिकामा लागतो तेव्हा तिथे टोचतो."

"ही आत नेली असती तर उडून कुठे गेली असती सांगता येत नाही. आणखी आहे कुठे?"

"नाही," वेंकटराव दुसऱ्यांदा म्हणाले.

त्यांना पाठीवर झोपवलं, गुडघ्यांखाली उशी दिली, कानात कापूस, हातात एक रबरी चेंडू. काही झालं तर दाबा. फळी आत सरकायला लागली आणि नळीच्या तोंडाशी आली, तेव्हा अंगठा ओढला गेला. नखाखालून कुणी दोरा धरून हलकेच ताणावा तसा. मग जोरात. कळ मनगटापर्यंत गेली.

वेंकटराव ओरडले नाहीत. त्यांना वाटलं ते कुणालाही सांगता येण्यासारखं नव्हतं. इतक्या वर्षांत ती सुई कधी हलली नव्हती, आज ह्या खोलीत हलली. अंबू इथेच झोपली होती, ह्याच फळीवर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. मग आवाज सुरू झाला, ठाक ठाक ठाक, आणि त्याच्यासोबत अंगठा आतून थरथरू लागला. त्यांनी दुसऱ्या हाताने तो घट्ट धरला, पोटाशी घेतला. सगळं अंग हललं.

आवाज थांबला. श्रीहरी आत आला.

"यजमानरे, हलू नका म्हटलं होतं. सगळे फोटो पुसट आले." मग त्याने पोटाशी धरलेले हात पाहिले. "हाताला काय झालं?"

सांगावं लागलं. त्याने फळी हळूहळू बाहेर घेतली, त्यांना धरून खोलीबाहेर आणलं, मग स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

"दोनदा विचारलं होतं मी. दोनदा. हाताऐवजी डोळ्यात असती तर?"

"चुकलं," वेंकटराव म्हणाले.

अंगठ्याचा एक्स-रे काढला. नखाखाली तिरकी बारीक पांढरी काडी दिसली. अंबूच्या पायाने पाठवलेली. शशांक तो एक्स-रे उजेडाकडे धरून बघत राहिला आणि म्हणाला, "अप्पा, इतकी वर्षं हे ठेवलंत कशाला? पाच मिनिटांचं काम होतं." सेंटरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जुना तुकडा बऱ्याचदा मांसात रुतून बसतो, काही करत नाही. पण हा हलतोय, तेव्हा ह्याच्यासकट मी स्कॅन करणार नाही. काढून या. नाहीतर स्कॅन राहू द्या, गोळ्या-व्यायामाने बघा.

घरी आल्यावर वेंकटराव जेवले नाहीत. भाग्याने ताक आणून दिलं ते हातात धरून बसले. सून कन्नड घरातली होती, पण सासूच्या हाताखाली मराठी शिकली होती. अंबुबाईंसारखीच बोलायची, त्यांच्यासारखीच मध्येच कन्नडात घसरायची.

"मामा, बेडा. मन होत नसेल तर नको काढू या. डॉक्टर व्यायाम देतात ना."

तिच्या एकटीच्या लक्षात आलं होतं. वेंकटरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांचा हिशेब मांडून झाला होता. अंबूचंच दुखणं असेल तर अंगठा काय आणि सुई काय, सगळं थोड्याच दिवसांत एका चितेवर जायचं. चार महिने आधी काढली म्हणून काय बिघडतं? तिच्याकडे जायला ती द्यावी लागत असेल तर द्यावी. आणि न काढता बसलो तर कळणारच नाही, नुसतं दुखत राहील.

"काढू दे," ते म्हणाले.

विजयनगरातल्याच एका छोट्या दवाखान्यात काढली. अंगठ्याच्या मुळाशी इंजेक्शन दिलं, मग काही लागलं नाही. वेंकटराव मान फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. त्यांना आधीच सांगायचं होतं की तुकडा मला द्या. पण शशांक शेजारी उभा होता, घड्याळ बघत होता, आणि साठी उलटलेल्या माणसाने असं काही कसं मागायचं ते त्यांना सुचेना. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"तो तुकडा?"

नर्स हातमोजे काढत होती. "कापसासोबत टाकला. एवढासा तर होता, काळा पडलेला."

"बघता येईल का?"

"त्या डब्यात हात घालत नाही आम्ही. सगळं घाण असतं त्यात."

"अप्पा, काय करायचंय त्याचं?" शशांक म्हणाला. रागाने नव्हे, थकून. "चला, मला सेकंड शिफ्ट आहे."

झाकण पायाने उघडायचा लाल डबा होता. वेंकटराव त्याच्या शेजारून गेले.

दुसऱ्या स्कॅनला अंगठ्यात काही झालं नाही. वेंकटराव मुद्दाम लक्ष देऊन बघत होते. नळीच्या तोंडाशी फळी आली, आत गेली, अंगठा पट्टीत गप्प पडून होता. आवाज सुरू झाला. अंबू म्हणाली होती ते खरं होतं, तेल न घातलेली मशीन. मध्येच थांबायची, दोरा तुटल्यासारखी, आणि पुन्हा वेगळ्याच टिपेत सुरू व्हायची. ते अजिबात हलले नाहीत. देवापुढे आजवर त्यांनी पुष्कळ मागितलं होतं, पण असलं कधी नव्हतं. पांडुरंगा, तेच असू दे.

डॉक्टर श्रीविद्यांकडे जाताना त्यांनी एक जुनं मोठं पाकीट काखेत घेतलं. शशांकने ते ओळखलं. दसरा तोंडावर आला होता, रस्त्यांवर दिव्यांच्या माळा चढवत होते आणि रिक्षा जागोजागी अडत होती.

डॉक्टरांनी संगणकावर फोटो उघडला. कमरेचे मणके एकावर एक रचलेले, त्यांच्यामध्ये चकत्या. बाकीच्या उजळ होत्या, खालून दुसरी काळपट आणि बसलेली. गादीतला कापूस एका जागी दबून जातो आणि कडेने बाहेर येतो, तशी ती मागे सरकली होती.

"ही बघा. ही जरा फुगून इथल्या नसेला लागतेय. म्हणून पायात कळ." डॉक्टर हसत होत्या. "ऑपरेशन वगैरे काही नको. तुमच्या वयाची, काही दुखत नसलेली दहा माणसं रस्त्यावरून आणून मशीनमध्ये घातली, तर निम्म्याहून जास्त जणांत असं काही ना काही निघेल. फोटोपेक्षा माणूस बघायचा असतो. हाडं एकदम स्वच्छ आहेत."

शशांकने खुर्चीच्या पाठीवर मान टाकली आणि तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

वेंकटरावांनी काखेतलं पाकीट टेबलावर ठेवलं. "हे शेजारी लावून बघा."

"कुणाचं आहे?" मग डॉक्टरांनी नाव वाचलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. अंबुबाईंची फिल्म काढून भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीला लावली आणि दिवा लावला. वेंकटरावांनी तो फोटो इतक्या वेळा पाहिला होता की डोळे मिटूनही ठिपके सांगता आले असते. ह्या मणक्यावर मोठा, त्याच्या खाली दोन, कडेला एक लांबट. आता एका बाजूला ती होती आणि एका बाजूला ते. तिच्या हाडांत चांदणं पडल्यासारखं झालं होतं. त्यांच्या हाडांत काहीच नव्हतं.

"खाली बघा. अजून खाली."

"बघितलं, वेंकटराव. सगळं बघितलं. तुमचं वेगळं आहे."

"आम्ही एका बाकावर बसत होतो."

"माहीत आहे."

"मग वजन?"

डॉक्टरांनी पेटीचा दिवा बंद केला. "सकाळी काय खाल्लंत?"

ते आठवू लागले.

"रक्ताचे रिपोर्ट पण चांगले आलेत. तुम्ही जेवत नाही, बस, एवढंच आहे. जेवा. दर अर्ध्या तासाने मशीनवरून उठा, चार पावलं चाला. पाठीचे व्यायाम लिहून देते. अजून वीस वर्षं शिवाल तुम्ही."

हे त्या फार प्रेमाने म्हणाल्या. वेंकटरावांनी हात जोडले, कारण अशा वेळी हात जोडतात. व्हरांड्यात आल्यावर त्यांना कळलं की अंबूचं पाकीट आतच राहिलं. शशांक पळत जाऊन घेऊन आला. तो फोनवर बोलत होता, आधी भाग्याशी, मग बहिणीशी, मग खंडोजीरावांशीही. फोन बापाच्या कानाला लावला.

"काय रे वेंकट," खंडोजीराव म्हणाले. "म्हटलं नव्हतं? आपलीच कंबर निघाली ना, खानदानी? तुझी ती पिशवी मी उघडलीसुद्धा नाही. उद्या येऊन घेऊन जा, मला माझीच कामं झेपेनात."

"येतो."

"वेंकट."

"हं."

"ये मात्र."

घरात वर्षश्राद्ध झालेलं नव्हतं, तेव्हा ह्या दसऱ्याला सण नव्हता. पण आयुधपूजेला मशीन तशीच ठेवणं शशांकला बरं वाटेना. पोटापाण्याची वस्तू आहे, निदान दोन फुलं वाहू, म्हणाला. तो कामावर गेला, तिथेही पूजा होती. भाग्या वेंकटरावांसोबत दुकानात आली. तिने दोन्ही मशीन पुसल्या. अंबुबाईंच्या मशीनवर चादर होती ती काढून झटकली. कात्री, टेप, खडूचा डबा मांडला. हळद-कुंकू लावलं, शेवंतीची फुलं ठेवली. वेंकटराव स्टुलावर बसून बघत होते. गल्लीत बाकीच्या दुकानांपुढे कोहळे फुटत होते.

भाग्याने उदबत्ती ओवाळली. मग कुंकवाची वाटी घेऊन ती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली आणि अंबुबाई करायच्या तसा हात पुढे केला. करता करताच तिच्या ध्यानात आलं असावं, कारण हात अर्ध्यात थांबला. पण तिने तो मागे घेतला नाही.

"द्या, मामा."

"त्यात आता काही नाही, बाळा."

"सरी. असू दे."

त्यांनी अंगठा दिला. पट्टी निघाली होती, नखाचा अर्धा भाग नव्हता, खालचं कातडं गुलाबी आणि पातळ होतं. भाग्याने बोट अगदी हलकं टेकवलं. तरी झोंबलं. वेंकटराव अंगठ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं कुंकू लावलं की आत काहीतरी आहे असं वाटायचं. बाहेरून दाबलं की आतून उत्तर यायचं. आता बोट टेकलं, उचललं, आणि झालं.

भाग्याचे डोळे भरले होते. ती वाटी ठेवायला वळली, आणि वळूनच म्हणाली, "गोडाचा केसरीभात नाही केला. लिंबाचं चित्रान्न केलंय. खाल ना?"

"खातो."

त्यांनी डब्यातलं सगळं खाल्लं. ती बघत होती म्हणून खाल्लं, आणि चव लागली याचं त्यांना वाईट वाटलं. मग ती घरी गेली.

पूजेच्या दिवशी मशीन चालवत नाहीत, कात्रीला हात लावत नाहीत. करायला काही नव्हतं. खंडोजीरावांकडून आणलेली पिशवी कोपऱ्यात होती, उद्यापासून ती कापडं बेतायची होती. दिवाळीला लोकांना कपडे हवेत. दिवाळीनंतर लग्नसराई. नंतर शाळांचे युनिफॉर्म. वेंकटराव आपल्या मशीनसमोर बसले. शेजारच्या मशीनच्या चाकावरचं फूल घसरून खाली पडलं, ते त्यांनी वाकून उचललं. वाकताना कळ आली आणि पोटरीपर्यंत गेली. नुसती कळ होती. आता तिचा काही अर्थ नव्हता, ती त्यांना कुठे नेणार नव्हती.

अर्धा तास झाला असेल. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि बसले.